नोंद नाही म्हणजे पाऊस नाही, असं कुणी ठरवलं?

आजचा विषय कोडच्या एका ओळीचा आहे, पण सुरुवात आमच्या धारूरच्या पावसापासून करतो.

जून ते सप्टेंबर, १२२ दिवसांचा पाऊस मोबाइलवर दिसावा म्हणून मी एक वेबपेज बनवत होतो. ११ ते १५ जूनच्या नोंदीच मिळाल्या नव्हत्या. आलेखात मात्र पाचही दिवस शून्य मिलिमीटर! आमच्या बालाघाटावर पेरणीच्या तोंडावर खंड म्हटलं की लगेच दुबार पेरणीचा विषय निघतो. पाऊस पडला की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि माझा आलेख ठामपणे 'नाही' म्हणत होता.

हे शून्य आलं कुठून? जावास्क्रिप्टच्या साध्या अ‍ॅरेत काहीही कोंबता येतं: आकडा, नाव, रिकामी जागा. ग्राफिक्स कार्डाला हे चालत नाही. त्याला ठरलेल्या मापाचे आकडे सलग हवेत. मोझिलात व्लादिमिर वुकिचेविच यांनी २००६ मध्ये ब्राउझरमध्ये थ्रीडी दाखवायचा प्रयोग केला. पुढे २०११ मध्ये क्रोनोस ग्रुपचं वेबजीएल १.० आलं, आणि त्याच कामातून टाइप्ड अ‍ॅरे जन्मली. ती नवी घेतली की शून्यांनी भरूनच मिळते. सी भाषेतलं मॅलॉक मेमरीतला जुना कचरा तसाच हातात देतं. वेबवर तसं केलं तर दुसऱ्याची माहिती भलत्याच पानाला दिसायची.

तिचा ठरावीक तुकडा एकाच किमतीने भरायला तेव्हा लूप लिहावा लागे. 'फिल' आलं २०१५ च्या एक्मास्क्रिप्ट ६ मध्ये. त्याला किंमत, कुठून आणि कुठपर्यंत, एवढंच सांगायचं. 'कुठपर्यंत'चं घर धरत नाहीत, आणि मोजणी शून्यापासून. म्हणून ११ ते १५ जूनसाठी १० आणि १५.

मी त्या तुकड्यात 'नॅन' भरलं, म्हणजे 'हा आकडाच नाही'. आलेख तस्साच! एररसुद्धा नाही. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, माझी अ‍ॅरे युइंट८ होती. त्यात ० ते २५५ चे पूर्णांकच बसतात, नॅनचं ती मुकाट्याने शून्य करते. (२.५ मिलिमीटरचे २ झाले होते, ते वेगळंच.)

फ्लोट३२ घेतली, तोच फिल पुन्हा चालवला. मग हंगामाची बेरीज बिघडली, कारण एक नॅन मिसळला की सगळी बेरीजच नॅन होते. ते पाच दिवस बेरजेतून वगळले. आता आलेखाची रेघ १० जूनला थांबते, १६ ला पुन्हा सुरू होते आणि मधल्या जागेत 'नोंद नाही' असं लिहिलेलं दिसतं.