खानावळ ते केसाडिया

आईची खानावळ लोअर परळच्या चाळीतल्या एकाच खोलीत. पाळी सुटली की गिरणीतले गडी पंगतीला बसत. भात, आमटी, सुकट. हिशेब पगाराला, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे अशा बायकांना बँक कर्ज देऊ लागली. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गडी गावाला गेले, उधाऱ्या बुडाल्या त्या बुडाल्याच.

त्याच लोअर परळमधल्या फिनिक्स मिलच्या आवारात आता मॉल आहे. तिथे नातीने केसाडिया मागवला: मैद्याची पोळी, आत चीज नि राजमा, दुमडून खरपूस भाजलेली. चांगला लागला, उगाच नावं कशाला ठेवू? सालसा मात्र आपली टोमॅटोची कोशिंबीरच, आणि तिचे वेगळे पैसे!