सायकल : गाडीवानाशिवायचे वाहन

वाहनांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी वेगाचा, यंत्रांचा आणि कारखान्यांचा इतिहास लिहिला. वाहन कोणाला नाकारले गेले, हे मात्र त्यांच्या पोथीत आढळत नाही. आपल्यापुढचा प्रश्न वेगाचा नव्हताच. तो गाडीवानाचा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये या संदर्भातले दोन प्रसंग आहेत. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण राजी झाला, तोही मुलांनी बैल हाकायचे आणि त्याने बाजूने चालायचे, या अटीवर. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्याचे नाकारले. वस्तीतल्या मंडळींनी टांगा भाड्याने मिळवला, पण हाकणारा नवखा होता. अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. तोवर ते बॅरिस्टर झाले होते. भाड्याचे पैसे होते, रस्ता होता, टांगाही होता. नव्हती ती फक्त गाडीवानाची संमती.

सायकलीचे मोल या पार्श्वभूमीवर जोखले पाहिजे. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीने सारख्या चाकांची, चेनवर चालणारी सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर दिला. आपल्याकडे ही चीज प्रथम साहेबांच्या आणि अंमलदारांच्या दारात दिसली. पुढे १९४९ साली मद्रासला टी. आय., १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ साली लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले आणि सायकल कष्टकऱ्याच्या आवाक्यात आली. तिला बैल नको, घोडा नको आणि कोणाची संमतीही नको.

प्रस्थापितांना याचा अर्थ बरोबर कळला. तामिळनाडूतल्या कित्येक गावांत सवर्णांच्या गल्लीतून जाताना दलिताने सायकलीवरून उतरून ती ढकलत न्यावी, असा दंडक होता. सायकलीवर बसलेला माणूस ताठ दिसतो, हेच खुपत होते. त्याच तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहिमेबरोबर हजारो गरीब स्त्रिया सायकल शिकल्या. त्याआधी १९८३ साली कांशीराम यांच्या डी. एस. फोरने सायकलींवरून गावोगाव प्रचारयात्रा काढली. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९८४ रोजी, बहुजन समाज पक्ष स्थापन झाला. मोटारींचे ताफे ज्यांच्याकडे नव्हते, त्यांनी दोन चाकांवर राजकारण उभे केले.

परंतु हे स्वातंत्र्य पहिल्या पंक्चरपर्यंतच टिकते. आडवाटेला टायर बसला की आपण पुन्हा कोणाच्या तरी मर्जीवर! म्हणून दुरुस्तीची विद्या हा सायकलीच्या मुक्तीचा उत्तरार्ध आहे.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. कॉलेज सायकलीवर झाले. नोकरी लागली आणि सायकल भिंतीला टेकली. आता पस्तिशीत ती पुन्हा काढली आणि तिच्याकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिले. हवा राहत नव्हती, पण ट्यूब शाबूत होती. दोष व्हॉल्व्हच्या रबरी नळीत होता. पडून राहिलेल्या सायकलीची ही नळी सुकून तडकते. नवी घातली की काम होते. खरे पंक्चर असेल तर ट्यूब पाण्यात धरावी, बुडबुडे येतील तिथे खूण करावी, जागा कोरडी करून घासपेपरने घासावी, सोल्यूशन लावून ते सुकू द्यावे, मगच ठिगळ दाबावे. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे जपून फिरवावीत. काटा तिथेच असतो. तो न काढता ठिगळे लावत बसणाऱ्यांची आपल्या सार्वजनिक जीवनात वाण नाही. चेन ताणली गेली का, हे पट्टीने कळते. चोवीस कड्यांची लांबी बारा इंच भरली पाहिजे. एक षोडशांश इंच वाढली की ती बदलावी, नाही तर दातेही झिजतात. ब्रेकचे रबर आणि चाकाच्या तारा मात्र दर आठवड्याला पाहाव्यात.

कोणी म्हणेल, शिकलेल्याने पुन्हा हात काळे का करावेत? प्रश्न रास्त आहे. ज्यांनी आपल्या पिढ्यांवर हातकाम लादले, त्यांनीच श्रमाचे गोडवे गावेत, यासारखा ढोंगीपणा नाही. पण लादलेले काम वेगळे आणि निवडलेली विद्या वेगळी. बलुतेदारीच्या यादीत सायकल दुरुस्तीला जागा नव्हती. कोणत्याही स्मृतीने पाना कोणा एका जातीच्या हाती दिला नाही. जातिव्यवस्थेने डोके एकाकडे आणि हात दुसऱ्याकडे दिले. ती फाळणी आपण, शिकलेल्यांनीच, का चालू ठेवावी?

आजही गावाहून कॉलेजला येणाऱ्या मुलामुलींचे शिक्षण एस. टी.च्या वेळेवर अडते. म्हणून वसतिगृहे, वाचनालये चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना माझे एवढेच म्हणणे आहे : पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक पंप, दोन पाने, घासपेपर आणि सोल्यूशनची ट्यूब ठेवा आणि प्रत्येक मुलीला, प्रत्येक मुलाला ती वापरायला शिकवा.