पगार वाढले, वाटणी मोडली

मालेगावात माझ्या लहानपणी शुक्रवारी माग थांबत. आठवडाभर कानात बसलेला खडखडाट एकदम बंद व्हायचा. नमाज झाली, जेवणं उरकली, की आम्ही पोरं चेंडू घेऊन मैदानाकडे पळायचो. पुढे इंग्लंडच्या फुटबॉलचा इतिहास वाचताना मला हाच शुक्रवार आठवला. तो खेळही मागांच्या सुटीतूनच वाढला होता. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रियांचे व अल्पवयीन कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. त्यांच्याशिवाय गिरणी चालेना, म्हणून पुरुषही सुटू लागले. दोनला गिरणी सुटायची आणि तीनला सामना. शनिवार दुपारी तीनची ही वेळ तिथे शंभरावर वर्षे टिकली.

आज फुटबॉलचा विषय निघाला, की पगारांची चर्चा होते. एकेका खेळाडूला आठवड्याला दोन-तीन लाख पौंड मिळतात, टीव्हीच्या पैशाने खेळ नासवला, असे ऐकू येते. मला ही तक्रार अर्धीच खरी वाटते. पैसा आला तो कोणाच्या हाती गेला आणि कोणाच्या हातून सुटला, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

पैसे घेऊन खेळण्यास इंग्लंडमध्ये १८८५ साली मान्यता मिळाली. खेळाडूंना नियमित पगार द्यायचा तर नियमित सामने हवेत, म्हणून विल्यम मॅकग्रेगर नावाच्या बर्मिंगहॅममधल्या कापड दुकानदाराने पुढाकार घेतला आणि १८८८ मध्ये १२ संघांची फुटबॉल लीग उभी राहिली. त्यातले सहा संघ लँकेशायरचे होते. ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, प्रेस्टन ही सारी सूतमागांची गावे. या लीगने पुढे एक शहाणपणाची रीत पाळली. तिकिटांच्या उत्पन्नातला काही हिस्सा पाहुण्या संघाला मिळे. समोर तगडा प्रतिस्पर्धी नसेल तर आपला सामना पाहायला कोण येणार, हा साधा हिशेब त्यामागे होता.

पण संघ आपसांत वाटून घेत होते, तेव्हा खेळाडूला काय मिळत होते? १९०१ मध्ये पगाराची कमाल मर्यादा ठरली, आठवड्याला चार पौंड. शिवाय करार संपला तरी संघाच्या मर्जीशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. प्रेस्टनचा टॉम फिनी हा त्या काळचा थोर खेळाडू. नळकाम हा त्याचा दुसरा व्यवसाय. १९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मो संघाने त्याला १० हजार पौंड रोख, महिना १३० पौंड पगार, बंगला आणि मोटार देऊ केली. प्रेस्टनच्या संचालकांनी नकार दिला आणि विषय संपला. मैदानात पंचवीस-तीस हजार माणसे ज्याला पाहायला यायची, त्याला आपल्या घामाचा भाव ठरवण्याचा अधिकार नव्हता. ही सालदारकीच होती, फक्त तिच्याभोवती टाळ्या होत्या.

ती मोडली संघटनेने. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची तयारी केली आणि जानेवारी १९६१ मध्ये वेतनमर्यादा उठली. तेव्हा ती होती २० पौंड. लगेच फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड दिले. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला जखडून ठेवणारे नियम बेकायदा ठरवले. १९९५ मध्ये बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने उरलेली बेडीही तोडली. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे मोकळेपणी जाऊ शकला, त्याच्यासाठी रक्कम मागण्याचा जुन्या क्लबाचा हक्क संपला. मागावर बसणाऱ्यांच्या गावात वाढलेला मी, मजुराला मजुरी जास्त मिळाली म्हणून कसा हळहळू?

आता टीव्हीकडे येऊ. बीबीसीने १९३७ मध्ये आर्सेनलचा आपल्याच राखीव संघाशी झालेला सामना दाखवला, पण लीगचे चालक टीव्हीला बिचकून होते. घरात दिसले तर मैदानात कोण येईल? १९६४ मध्ये 'मॅच ऑफ द डे' सुरू झाले तेही क्षणचित्रांपुरते. पहिल्या दिवशी लिव्हरपूल-आर्सेनल सामना टीव्हीवर अंदाजे २० हजारांनी पाहिला. मैदानात त्याच्या दुपटीहून अधिक होते.

चित्र बदलले १९८३ मध्ये. लीगचे सामने नियमितपणे थेट दिसू लागले. दोन वर्षांचे ५२ लाख पौंड मिळाले. त्याच वर्षी दुसरा एक निर्णय झाला. यजमान संघाने तिकिटांचे सगळे उत्पन्न स्वतःकडे ठेवावे! लीगच्या सामन्यांतला पाहुण्याचा वाटा गेला. मोठ्या मैदानांचे संघ एका फटक्यात श्रीमंत झाले. टीव्हीचा पैसा तोवर ९२ संघांत सारखा वाटला जात होता. १९८५ च्या अखेरीस मोठ्या संघांनी फुटून निघण्याची धमकी दिली आणि निम्मा पैसा पहिल्या विभागाकडे वळवला. १९८८ मध्ये आयटीव्हीने चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख पौंड मोजले, तेव्हा त्यातला मोठा भाग पुन्हा वरच्यांनीच घेतला. शेवटी १९९२ मध्ये पहिल्या विभागाचे २२ संघ वेगळे झाले, प्रीमियर लीग निघाली आणि स्काय व बीबीसी यांच्याशी पाच वर्षांचा ३० कोटी ४० लाख पौंडांचा करार झाला. २०२५ पासूनच्या चार वर्षांसाठी नुसत्या देशांतर्गत हक्कांची रक्कम ६७० कोटी पौंड आहे.

गंमत अशी, की प्रीमियर लीगच्या आत वाटणी आजही बरीच बरी आहे. देशांतर्गत रकमेचा निम्मा भाग सर्वांना सारखा मिळतो. म्हणजे वाटणीचे मोल त्यांना कळते. त्यांनी भिंत घातली ती आपल्या खाली. वरून घसरलेल्या संघाला काही वर्षे मोठी भरपाई मिळते. आधीपासून खाली असलेल्याने त्याच्याशी टक्कर द्यायची, तर ऐपतीबाहेरचे पगार द्यायचे आणि कर्ज काढायचे. २००२ मध्ये आयटीव्ही डिजिटल बुडाली, खालच्या संघांना कबूल केलेले पैसे आलेच नाहीत, तेव्हा कित्येक संघ दिवाळखोरीच्या दारात उभे राहिले.

त्यातला एक बेरी. मँचेस्टरजवळचे हे गिरणगाव. १८८५ चा क्लब. १९०३ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात त्याने डर्बीला ६-० ने हरवले. अंतिम सामन्यातला तो विक्रम ११६ वर्षे अबाधित राहिला. मे २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला ६-० ने हरवून त्याची बरोबरी केली. सिटीचे मालक अबू धाबीचे. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पगार थकलेल्या, कर्जात रुतलेल्या बेरीला लीगमधून काढून टाकण्यात आले. दोन गावांमध्ये अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. दोष मालकांचाही होता. पण ज्या बाजारात ते बुडाले, तो वाटणी मोडून उभा केलेला होता.

एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या १२ बड्या क्लबांनी आपली स्वतंत्र सुपर लीग जाहीर केली. १८८८ मध्येही संघ १२ च होते. तेव्हाच्या बाराजणांनी एकमेकांना जगवण्यासाठी लीग काढली, या बाराजणांनी हरण्याच्या भीतीतून स्वतःला सोडवण्यासाठी. चाहते रस्त्यावर आले आणि इंग्लंडचे सहाही क्लब दोन दिवसांत मागे फिरले. २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामकाचा कायदाही केला. पैशावर अंकुश ठेवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

यात आपणही आहोत. परदेशांतल्या प्रक्षेपणातून येणारा पैसा आता देशांतर्गत रकमेच्या बरोबरीला आला आहे. म्हणजे आपण टीव्हीसाठी भरतो त्यातला काही भाग तिथवर पोहोचतो. ब्रिटनमध्ये शनिवार दुपारी तीनचे सामने टीव्हीवर थेट दाखवत नाहीत; लहान मैदाने ओस पडू नयेत म्हणून पाळलेला हा जुना संकेत. तोच सामना मालेगावात बसून मात्र दिसतो.

बेरीच्या लोकांनी मग काय केले? पैसे उभे केले, सरकारी मदत मिळवली, आपले गिग लेन मैदान सोडवले आणि २०२३ मध्ये तिथे पुन्हा बेरीचा संघ उतरला. अगदी खालच्या पायरीवर, टीव्हीच्या कॅमेऱ्यांपासून खूप दूर. पण शनिवारी, दुपारी तीन वाजता.