दुसरी तुकडी कुठे आहे?

आज पदवीच्या मुलांना एनजीओचे नेतृत्व शिकवणारे अभ्यासक्रम निघाले आहेत. प्रस्ताव लिहा, निधी मिळवा, देणगीदाराला अहवाल द्या. हे शिकायला आमची हरकत नाही. पण देणगीदाराला बांधलेला नेता ॲट्रॉसिटीच्या केससाठी पोलीस ठाण्यात किती वेळ उभा राहील?

बाबासाहेबांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवायला घेतला होता. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला त्यांनी शिकलेल्यांनी दगा दिल्याची खंत बोलून दाखवली. नुसती पदवी पुरत नाही, हे १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उभे करणाऱ्यानेच ओळखले, हे विशेष. त्याच जुलैत मुंबईत त्यांनी राजकारणात उतरणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. काम सिद्धार्थचे ग्रंथपाल एस. एस. रेगे पाहत. विद्यार्थी अवघे १५. वक्तृत्वावर स्वतः बाबासाहेब बोलणार होते. त्याआधीच, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मार्च १९५७ मध्ये विद्यालय बंद पडले.

चळवळीचे पुढारी घडवणारी शाळा एका तुकडीत संपली, आणि आम्ही मात्र पुढाऱ्यांच्या फाटाफुटीवर सत्तर वर्षे चर्चा करतो आहोत! जयंतीची वर्गणी आम्ही दरसाल काढतो. दुसऱ्या तुकडीसाठी कधी काढली?