चांद्याचा परकोट

नागपूरहून दक्षिणेस दीडशे किलोमीटरवर चंद्रपूर; जुन्या माणसांचे चांदा. गोंड राजांची ही राजधानी. खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्याचा एका सशाने म्हणे उलट पाठलाग केला आणि त्यांच्या धावेच्या वाटेने परकोट उभा राहिला! कथा राहू द्या; परकोट खरा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या त्याच्या चार वेशी, शिवाय पाच खिडक्या. वेशीवर हत्तीला दाबून धरलेला सिंह कोरला आहे, तेच गोंड राजांचे चिन्ह.

१७५१ साली चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले. पण खरे सांगू? तोफेपेक्षा पिंपळाचे रोप वाईट. मूळ सांध्यात शिरते, काही पावसाळ्यांत दगड सुटतो, आणि सुटलेला दगड कुणाच्या तरी जोत्यात जाऊन बसतो. २०१७ च्या मार्चपासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी बुरुजांवरची झुडपे तोडली, कचरा उपसला. एक-दोन दिवस नव्हे, शेकडो दिवस.

गुरुजी, मुलांना जटपुरा वेशीशी न्याल तेव्हा सिंह दाखवालच. शेजारच्या फटीतले रोपही दाखवा. बोटभर असते तोवर ते हातानेच निघते.