शस्त्रवैद्याच्या शेजारचा हात

शस्त्रक्रियेचा इतिहास म्हटला म्हणजे शस्त्र धरणाऱ्या हाताचीच गोष्ट बहुधा सांगितली जाते. त्या हाताच्या शेजारीं आणखी एक हात असतो. तो जखमेच्या कडा धरून ठेवतो, रक्त टिपतो आणि टाके घालून झाल्यावर रात्रभर रोग्याच्या उशाशीं जागतो. त्या हाताला शिक्षण कोणीं दिलें, आणि शिक्षण दिल्यावर जगानें त्याला स्थान काय दिलें, याचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. रोगी जेव्हां लहान मूल असतें, तेव्हां हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा होतो.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे. तीन किलोग्रॅम वजनाच्या नवजात अर्भकाच्या अंगांत सर्व मिळून सुमारें २४० मिलिलिटर रक्त असतें; मोठा पेलाही त्यानें पुरता भरावयाचा नाहीं. प्रौढाच्या शस्त्रक्रियेंत २५ मिलिलिटर रक्त गेलें तर त्याची फारशी क्षिती कोणी बाळगीत नाहीं. अर्भकाच्या बाबतींत तो दहावा हिस्सा असतो. त्याचें अंग पाहतां पाहतां गार पडतें, औषधाचें व सलाइनचें प्रमाण वजन करून ठरवावें लागतें, आणि दुखतें कोठें हें त्याला सांगतां येत नाहीं. जन्मून दोन-चार दिवस झालेल्या बाळाला हिरवी उलटी झाली, तर आंतड्याला पीळ पडला असण्याचा संभव असतो. आणि तसें असल्यास कांहीं तासांच्या विलंबानें आंतडें निकामी होतें. बोस्टनचे शस्त्रवैद्य डॉ. विल्यम लॅड यांनीं अशा विकृतीवरील आपली शस्त्रक्रिया १९३६ सालीं प्रसिद्ध केली व ती आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. परंतु ती करण्याची वेळ साधावयाची, तर उलटीचा रंग पाहतांच धोका ओळखणारें कोणी तरी खाटेशेजारीं असावें लागतें. शस्त्रवैद्य तेथें चोवीस तास उभा राहूं शकत नाहीं.

हें जाणतें मनुष्य आणावें कोठून, ही अडचण ठाणें जिल्ह्याला नवी नाहीं. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली, आणि पुढील वर्षीं ती खाडी ओलांडून कळव्याच्या बाजूनें कल्याणास पोंचली. गाडी आली त्या वेगानें वैद्यक मात्र आलें नाहीं. कल्याण येथें १८६५ सालीं जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचें पहिलें मूल त्यांच्या वयाच्या चौदाव्या वर्षीं, जन्मल्यापासून अवघ्या दहा दिवसांत गेलें. त्या दुःखांतूनच वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय झाला. १८८६ सालीं त्यांनीं फिलाडेल्फिया येथें एम्. डी. ची पदवी मिळविली, आणि पुढच्याच वर्षीं फेब्रुवारींत त्या निवर्तल्या. त्यांची थोरवी महाराष्ट्र जाणतो. त्यांच्या चरित्रांतील दुसरा धडा मात्र मागें पडतो. पूर्ण शिकलेला वैद्य होण्यास त्यांना सात समुद्र ओलांडावे लागले; मुलें तर घरोघर रोजच आजारी पडत. दहा दिवसांच्या बाळापाशीं बसणाऱ्या जाणत्या माणसाची गरज अशा एकेका पदवीनें भागणारी नव्हती.

ही गरज सरकारच्याही ध्यानांत आली होती. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें. तेथील शिक्षण इंग्रजींत असे. १८६१ सालीं त्याच कॉलेजांत मराठी व गुजराथी भाषांतून शिकविणारे वर्ग निघाले. त्यांतून तयार होणाऱ्या मनुष्यास 'हॉस्पिटल असिस्टंट' म्हणत. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत पुणें व अहमदाबाद येथें बैरामजी जिजीभाई यांच्या नांवाच्या वैद्यकीय शाळा उभ्या राहिल्या, आणि हें शिक्षण तेथें स्थिरावलें. तालुक्याच्या दवाखान्यांत गळवें फोडणें, हाडें बसविणें, देवी काढणें, पटकीच्या साथींत धांवणें, हीं सर्व कामें ह्या असिस्टंटांनीं केलीं. नांव 'असिस्टंट' होतें. पण साहाय्य करावें असा शस्त्रवैद्य शेजारीं बहुधा नसे. ज्याला मदतनीस म्हणून शिकविलें, त्याला एकट्यालाच पुढें उभें केलें, आणि पगार मात्र मदतनीसाचा दिला.

ह्याच परंपरेंतून पुढें लायसेन्शिएट डॉक्टर निघाले. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स या १९१२ सालीं स्थापन झालेल्या संस्थेची एल्. सी. पी. एस्. ही पदविका मराठी मुलखांतील पुष्कळ दारांवरील पाट्यांवर झळकत असे. १९४६ सालीं भोर समितीनें आपला अहवाल दिला. देशांत एकाच पूर्ण दर्जाचा डॉक्टर असावा, असें बहुसंख्य सभासदांचें मत पडलें. डॉक्टरांची चणचण पाहतां दुय्यम अभ्यासक्रम कांहीं काळ तरी चालूं ठेवावा, असें भिन्नमत कांहीं सभासदांनीं नोंदविलें. निर्णय पहिल्या मताप्रमाणें झाला. त्याच वर्षीं पुण्याच्या शाळेचें कॉलेज झालें. दर्जा वाढला हें चांगलेंच झालें. पण पूर्ण वैद्य आणि रोगी यांच्यामध्यें उभा राहणारा शिकलेला मनुष्य त्याबरोबर नाहींसा झाला, आणि त्याची जागा बराच काळ रिकामी राहिली.

त्या जागेचा बराचसा भार परिचारिकांनीं उचलला. मुंबईचें कामा हॉस्पिटल १८८६ सालीं उघडलें. तेथील डॉ. एडिथ पीची ह्या बाईंनीं परिचारिकांच्या शिक्षणाचा पाया घातला. त्या काळीं परक्याच्या अंगाला हात लावणें, मलमूत्र उचलणें हें काम कुलीन स्त्रीला शोभणारें मानीत नसत. हा समज मोडण्याचें श्रेय पुण्याच्या सेवासदनाकडे आणि रमाबाई रानडे यांच्याकडे जातें. सेवासदनानें विधवांना व इतर गरजू स्त्रियांना ससून हॉस्पिटलांत शुश्रूषेचें शिक्षण घेण्यास पाठविलें आणि त्यांच्या राहण्याचीही व्यवस्था केली. घरच्या माजघरांत जिला किंमत नव्हती, तिच्या हातीं थर्मामीटर आणि नाडीचा तक्ता आला. १९२९ च्या डिसेंबरांत परळ येथें बाई जेरबाई वाडिया यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पुत्रांनीं केवळ मुलांसाठीं स्वतंत्र रुग्णालय उघडलें, तेव्हां ह्या शिक्षणाला योग्य क्षेत्र मिळालें. १९३५ सालीं मुंबई इलाख्यांत परिचारिका व सुइणी यांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि ह्या हाताला सरकारदरबारीं प्रथम नांव मिळालें.

नांव नसलें म्हणजे काय होतें, याचें ठळक उदाहरण अमेरिकेंत घडलें, आणि तें बालशस्त्रक्रियेच्याच इतिहासांतील आहे. व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तरुणाला डॉक्टर व्हावयाचें होतें. तो सुतारकाम करी. १९३० सालीं त्यानें व्हँडरबिल्ट विद्यापीठांत डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेंत मदतनीसाची नोकरी धरली, आणि त्यानंतर बँक बुडून शिल्लकही गेली. काम शास्त्रीय प्रयोगांचें. वेतनपटावर मात्र त्याची नोंद झाडलोट करणाऱ्या नोकरांत असे. १९४१ सालीं दोघेही जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत आले. हृदयांतील जन्मजात दोषामुळें निळीं पडणारीं मुलें वांचविण्याचा उपाय डॉ. हेलन टॉसिग शोधीत होत्या. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडण्याची क्रिया थॉमसनें कुत्र्यांवर पुन्हां पुन्हां करून बसविली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर ती क्रिया प्रथम झाली. शस्त्र ब्लॅलॉक यांच्या हातीं होतें. त्यांच्या मागें एका लहानशा चौरंगावर उभा राहून थॉमस टांका कसा घ्यावा हें सांगत होता. पुढील वर्षीं ह्या शस्त्रक्रियेवर निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत थॉमसचा उल्लेख नव्हता. अनेक नामांकित शस्त्रवैद्यांना त्यानें हात कसा चालवावा हें शिकविलें. विद्यापीठानें त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९७६ सालीं, म्हणजे बत्तीस वर्षांनंतर.

अमेरिकेंत अशा हातांना रीतसर शिक्षण आणि नांव देण्याचा प्रयत्न १९६५ सालीं दोन ठिकाणीं सुरू झाला. कोलोरॅडो येथें परिचारिका लोरेटा फोर्ड व बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री सिल्व्हर यांनीं, मुलांची तपासणी व साधे उपचार स्वतः करूं शकतील अशा 'नर्स प्रॅक्टिशनर' तयार करण्यास आरंभ केला. ड्यूक विद्यापीठांत डॉ. यूजीन स्टेड यांनीं नौदलांतून परतलेल्या शुश्रूषकांना हातीं धरलें. युद्धांत मोठमोठ्या जखमा सांभाळलेल्या ह्या माणसांना नागरी जीवनांत स्थान नव्हतें. त्यांपैकीं तिघे १९६७ सालीं पहिले 'फिजिशियन असिस्टंट' म्हणून बाहेर पडले. १९७१ सालीं न्यूयॉर्कच्या माँटेफिओरी रुग्णालयानें ह्या असिस्टंटांना शस्त्रक्रियेचें पुढील शिक्षण देण्यास सुरुवात केली. आज तिकडील कांहीं बालरुग्णालयांत केवळ बालशस्त्रक्रियेसाठीं साधारणतः वर्षभराची 'फेलोशिप' असते. अंकित वैद्याच्या देखरेखीखालीं शस्त्रक्रियेपूर्वीं मुलाला तपासणें, टेबलापाशीं मदत करणें, पोटांतील नळ्या व शिरेंतील सुया सांभाळणें, वजनाप्रमाणें द्रव मोजणें, जखम पाहणें आणि घरीं जातांना आईला सर्व समजावून सांगणें, हा तिचा अभ्यास. वैद्य पाळीप्रमाणें बदलतात; हें मनुष्य वॉर्डांत टिकून राहतें आणि मुलाची हकीकत ध्यानांत ठेवतें.

भारतांतही पावलें पडलीं आहेत. फिजिशियन असिस्टंटचा पहिला अभ्यासक्रम डॉ. के. एम्. चेरियन यांच्या पुढाकारानें मद्रास मेडिकल मिशनमध्यें १९९२ सालीं निघाला. भारतीय परिचर्या परिषदेनें २०१७ च्या सुमारास अत्यवस्थ रोग्यांच्या शुश्रूषेसाठीं नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आंखला. २०२१ च्या संलग्न आरोग्यव्यावसायिकांच्या कायद्यानें फिजिशियन असोसिएटची गणना आपल्या परिशिष्टांत केली.

ह्या प्रयत्नांवर एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाहीं. गरिबांच्या वाट्याला अर्धशिक्षित वैद्य येईल, अशी ती भीति आहे. हॉस्पिटल असिस्टंटांचा इतिहास पाहतां ती निराधार म्हणतां येत नाहीं. मदतनीसाला एकटा सोडला कीं तो नाइलाजानें वैद्य होतो. त्यावर उपाय मदतनीस न शिकविणें हा खास नव्हे. त्याला नीट शिकवावें, त्याच्या कामाची मर्यादा लिहून ठेवावी, त्याची नोंदणी व्हावी, आणि शस्त्रवैद्य हांकेच्या अंतरावर असावा. यांपैकीं शेवटची अट सुटली कीं पहिल्या तिन्ही व्यर्थ होतात.

खाडीपलीकडे कळव्यास आज ठाणें महानगरपालिकेचें छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय उभें आहे, आणि त्याला जोडलेलें राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९९२ सालापासून चालू आहे. मुंब्रा, दिवा येथील चाळींतून, तसेंच शहापूर-मुरबाडकडील पाड्यांतून आईबाप मुलांना घेऊन तेथें येतात. आनंदीबाईंच्या कल्याणाहून तें गाडीनें अर्ध्या तासाच्याही आंत येतें. डॉक्टर घडविणारें कॉलेज आतां जिल्ह्यांतच आहे. डॉक्टरांच्या शेजारचा हात घडविण्याची तशीच जिद्द मात्र अजून दाखवावयाची आहे. रात्रीं दोन वाजतां एखाद्या खाटेवर दहा दिवसांचें बाळ हिरवी उलटी करील, तेव्हां पहिली नजर त्याच्या उशाशीं बसलेल्या परिचारिकेची पडेल. तिला त्या रंगाचा अर्थ कळला पाहिजे, शस्त्रवैद्याला झोपेंतून उठविण्याचा अधिकार तिला असला पाहिजे, आणि तिच्या शब्दावर तो उठला पाहिजे.