धान्यटंचाईच्या पोटी आलेलं शिक्षण

हॉटेलातल्या बँक्वेट किचनची नोकरी सोडून मी विद्यापीठात हॉटेल मॅनेजमेंट शिकवायला आले, आणि पहिल्या वर्षाला या शिक्षणाचा इतिहास सांगायचं काम मी मागून घेतलं. मुलांना वाटतं, 1903 साली मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं, त्याच थाटातून आपले अभ्यासक्रम निघाले. परदेशात तसं घडलंही. लोझानची शाळा 1893 साली स्विस हॉटेलवाल्यांनीच काढली. 1922 साली कॉर्नेल विद्यापीठात अभ्यासक्रम सुरू झाला, तोही अमेरिकन हॉटेलमालकांच्या पाठिंब्यानं. आपल्याकडची वाट मात्र रेशनच्या दुकानावरून गेली.

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं धान्यटंचाईची. कन्हैयालाल मुनशी 1950 ते 1952 या काळात केंद्रात अन्न आणि कृषिमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावतीबाईंच्या पुढाकारानं महिलांची अन्न परिषद उभी राहिली आणि तिच्यातर्फे ‘अन्नपूर्णा’ उपाहारगृहं निघाली. तांदूळ-गव्हावरचा भार हलका करायचा, रताळ्यासारखे पर्यायी पदार्थ लोकांच्या पानात वाढायचे, हा त्यामागचा हेतू. याच परिषदेनं 1954 साली अंधेरीला भवन्स कॉलेजच्या आवारात केटरिंग आणि पोषणशास्त्र शिकवणारी देशातली पहिली संस्था काढली. दादरला वीर सावरकर मार्गावर आज उभी आहे ती हीच. मुलं रोज तिच्यावरून जातात, पण हा इतिहास त्यांना कुणी सांगितलेला नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे दिल्ली, कोलकाता, चेन्नई इथं अशा संस्था निघाल्या. 1982 साली त्यांचा कारभार अन्नखात्याकडून पर्यटन खात्याकडे गेला. एशियाडसाठी दिल्लीत नवी हॉटेलं उभी राहत होती, माणसं हवी होती. तो निर्णय योग्यच होता. पण तेव्हापासून पाहुणा पुढे आला आणि धान्य मागे पडलं, असं माझं मत आहे.

मी जिथं काम केलं, तिथं मोठं लग्न आटोपलं की पुलावाचे भरलेले ट्रे कचऱ्यात जायचे. कुणी तोलायचं नाही, लिहायचं नाही. म्हणून माझ्या वर्गात पहिलं प्रात्यक्षिक यील्ड टेस्टचं. फ्लॉवर आणल्या आणल्या तोलायचा, निवडायचा, पुन्हा तोलायचा. दांडे आणि कोवळा पाला वेगळ्या भांड्यात. मग खरेदीच्या पैशाला हाती आलेल्या वजनानं भागायचं. बाजारभाव आणि खरा भाव यांतलं अंतर वहीत उतरलं की वर्गात एकदम कुजबुज सुरू होते. दांडे सोलून, बारीक चिरून सूपमध्ये घालतो, पाल्याची पीठ पेरून भाजी करतो. ते खाल्ल्याशिवाय कुणी एप्रन सोडायचा नाही, हा माझा नियम. लीलावतीबाईंची गोष्ट मी तेव्हा, मुलं जेवत असताना सांगते.